पालथ्या थाळ्या

बायकांच्या तुरुंगातली मुख्य स्वयंपाकीण सगळ्यांची मावशी होती. आवाज फाटका, हात सढळ, आणि साखरेशी जुनं वैर. थोरल्या बहिणीचा पाय मधुमेहाने कापावा लागला, तेव्हापासून साखरेचं पोतं दिसलं की तिच्या कपाळाला आठी पडे. त्यामुळे सरकारने देशभरासाठी नवं आहार धोरण काढलं, तेव्हा तिला देवच पावला. साखर, मीठ, तेल कमी करायचं. कडधान्यं आणि जवळपास पिकणाऱ्या भाज्या वाढवायच्या. अन्न वाया घालवायचं नाही. आणि सुरुवात सरकारी भटारखान्यांनी करायची. हळूहळू करा, असंही त्यात म्हटलं होतं. पण मावशीला कुठला दम! सोमवारीच तिने चहातली साखर निम्म्यावर आणली आणि तळण बंद केलं.

सोमवारी बायकांनी शिव्या घातल्या. मंगळवारी मावशी जेवणघरात शिरली. चिटपाखरू नसावं तशी शांतता. बाकांवर बायका हाताची घडी घालून बसलेल्या, आणि प्रत्येकीसमोर थाळी पालथी.

बुधवारीही तेच. दुपारी त्यांच्यातली एक पोटुशी पोर भोवळ येऊन पडली.

"आता पुरे," अधीक्षक बाई कडाडल्या. "संध्याकाळी जेवल्या नाहीत तर कोठड्यांना कुलपं आणि मुलांच्या भेटी बंद."

"मॅडम, आग माझ्या चुलीची आहे. एकदा मला जाऊ द्या. एकटीला."

मावशी जेवणघरात गेली. पाठीमागे दार लागलं. ती सरळ आक्कासमोर बसली. आक्का जन्मठेपेची, वाळलेली, कमी बोलणारी, पण तिचा शब्द खाली पडत नसे.

"आक्का, तुमच्याच भल्याचं आहे हे. माझ्या बहिणीचा पाय..."

"ऐकलाय तुझ्या बहिणीचा पाय. इथे उठायचं कधी ते दुसरे ठरवतात, झोपायचं कधी तेही. दिवसभरात एक घोट गोड होता. तो काढून घेताना एका शब्दाने विचारलंस?"

मावशीने कबूल केलं, "नाही विचारलं."

मागे कुणीतरी कडवट हसलं.

"मग आता विचारते. काय केलं तर जेवाल?"

"साखर उतरवायची तर बेताबेताने. भाजी कुठली आणि कशी, ते आम्ही सांगणार. आमच्यातल्या दोघी तुझ्या भटारखान्यात."

"मॅडमना मी सांगते. पण आधी ही शेजारची पोटुशी पोर जेवू दे."

आक्काने हात लांबवून त्या पोरीची थाळी सुलटी केली. स्वतःची तशीच ठेवली.

"कैद्यांच्या हाती सुऱ्या?" अधीक्षक बाई उडाल्याच. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"सुऱ्या साखळीने टेबलाला बांधलेल्या असतात. काही झालंच तर जबाबदारी माझी."

"लिहून द्या. उद्या दुपारपर्यंत थांबते, मग कुलपं."

मावशीने लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींपैकी एक कोठीत डाळ निवडायला बसली, आक्का भोपळा चिरायला उभी राहिली. नवऱ्याला सुरीने मारून ती आत आली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मावशीला पातेल्याकडे वळणं भाग होतं. मागे खटखट चालली होती, ती एकाएकी थांबली. साखळी खळखळली. मावशीची पळी पातेल्यात थांबली.

"लसूण कुठे ठेवतेस?" आक्काने विचारलं. "मीठ कमी घालायचं तर लसूण दुप्पट लागेल."

मावशीने फळीकडे बोट दाखवलं. आक्का लसूण सोलू लागली.

दुपारी थाळ्या सुलट्या होत्या. भोपळ्याच्या भाजीची कुणी तारीफ केली नाही, पण पातेलं रिकामं झालं. मावशीची आणि आक्काची मैत्री वगैरे झाली नाही. लसणावरून रोज वाजायचं. साखर मात्र चिमटीचिमटीने उतरत गेली. निम्म्याच्या जवळ आली, तेव्हा मावशीने जेवणघरात उभं राहून विचारलं, "आणखी थोडी कमी करू? नको असेल त्यांनी हात वर करा."

बहुतेक सगळे हात वर झाले. मावशी हरली. त्या महिन्यात साखर होती तेवढीच राहिली.