निळा किती घालायचा

माझे बाबा टीव्ही उभे राहून बघतात. सगळाच नाही. बातम्या आणि सिनेमे ते खुर्चीत बसून, अधूनमधून डुलक्या घेत बघतात. पण संध्याकाळी सात वाजता प्राण्यांचा कार्यक्रम लागला की ते उठतात, हात मागे बांधतात आणि पडद्यापासून चार फुटांवर जाऊन थांबतात. एखाद्याच्या घरी गेल्यावर भिंतीवरचे फोटो बघावेत, तसे.

"अहो, सरका. तुम्ही काचेचे नाही आहात," आई मागून म्हणते.

"अगं, या बेडकाची पाठ बघ. खाली पिवळा आहे, त्यावर हिरव्याचे दोन हात दिलेत. पहिला वाळू दिलाय, मग दुसरा. घाई नाही केलेली."

"मग ठेवून घ्या त्याला दुकानात."

बाबा रंगाच्या दुकानात रंग मिसळतात. दुकानात एक मशीन आहे. शेडकार्डावरचा नंबर दाबला की ते पांढऱ्या रंगात मोजून थेंब सोडतं आणि डबा घुसळून देतं. पण लोकांच्या भिंतींना नंबर नसतात. भिंत दहा वर्षं ऊन खाते, मुलांचे हात खाते, मग एक दिवस नळाच्या कामासाठी फुटते. मग माणूस नखाएवढा पोपडा कागदात गुंडाळून दुकानात येतो आणि म्हणतो, "याच्यासारखा द्या." तो माणूस बाबांच्या टेबलाशी येतो. तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

मास्तर वही ठेवत नाहीत. एकदा बनवलेला रंग त्यांच्या डोक्यात बसतो तो बसतोच. चार वर्षांनी कुणाचा फोन आला, "मास्तर, जिन्याचा तोच हवा," की तो माणूस पोचेपर्यंत डबा तयार असतो. आईने सांगितलेलं काही आणायचं मात्र लक्षात राहत नाही. तो वेगळा विषय, आणि आमच्या घरी रोजचा.

प्राण्यांचे कार्यक्रमही ते याच डोक्याने बघतात. त्यातली गोष्ट त्यांना कळत नाही असं नाही, पण तिकडे त्यांचं लक्ष नसतं. वाघ हरणामागे सुटलेला असतो, आई उशी घट्ट धरून बसलेली असते आणि बाबा म्हणतात, "गवत बघा, गवत." सुट्टीच्या दिवशी दुकानातून आणलेल्या उरल्यासुरल्या रंगांतून ते आठवड्याभरात पाहिलेलं पुठ्ठ्यावर उतरवायचे. चित्र नाही, नुसता रंग, चार बोटं रुंद पट्टा. खाली बारीक अक्षरात नाव. कपाटाच्या दाराला आतून असे पट्टे चिकटवलेले आहेत: 'बेडूक, पाठ', 'बेडूक, पोट', 'वादळाआधी', 'हत्ती, कोरडा', 'हत्ती, ओला'. लहानपणी मला वाटायचं की हत्तींच्या दोन जाती असतात.

एकदा खोल समुद्रातले मासे दाखवत होते. उजेड पोचतच नाही अशा जागी राहणारे, आणि अंगावर काय एकेक रंग! दिवा नेला म्हणून दिसले, नाहीतर कुणाला पत्ताही नाही. बाबा आणखी एक पाऊल पुढे सरकले. मग म्हणाले, "हे कुणी मागितलंच नव्हतं गं. गिऱ्हाईकच नाही. तरी केलंय." त्या दिवशी आईनेही त्यांना सरकायला सांगितलं नाही.

तीनेक वर्षांपूर्वी आमचा टीव्ही निळा पडायला लागला. बातम्या देणारी बाई थंडीत कुडकुडल्यासारखी दिसायची. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय आणि लिफ्टची पॅनेल दुरुस्त करते, त्यामुळे घरात विजेवर चालणारं काहीही बिघडलं तरी तो माझाच दोष असतो. मी सेटिंग नीट केलं. दोन दिवसांनी बाई परत कुडकुडायला लागली. परत नीट केलं, परत तेच. शेवटी मी टीव्हीची पाठ उघडली, एकेक जोड तपासला, दुपार घालवली. काहीच सापडलं नाही.

"तीन वर्षं शिकली," आई शेजारणीला सांगत होती, "आणि बाईचं तोंड काही हिच्याच्याने पुसलं जात नाही."

बाबांची तक्रार नेमकी उलटी होती. "हल्ली या कार्यक्रमांत दम राहिला नाही. कॅमेरे स्वस्तातले घेतले असणार. समुद्र बघ, भांडी पुसायच्या फडक्यासारखा."

मग गेल्या वर्षी दातांच्या दवाखान्याचं प्रकरण झालं. तिथल्या बाहेरच्या खोलीचा रंग सहा वर्षांपूर्वी बाबांनीच बनवला होता. राखाडीकडे झुकणारा, निळ्याची नुसती सावली असलेला. पाइप गळून एक भिंत खराब झाली, ती नव्याने रंगवायची होती. फोन आला, बाबांनी डबा पाठवला. रंगाऱ्याने भिंत रंगवली आणि वाळल्यावर ती शाळेच्या गणवेशासारखी निळी दिसायला लागली. दुसरा डबा मागवला. तोही तसाच.

रविवारी सकाळी मालक आमच्या घरी आला. मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. आता दुकान तोच बघतो. त्याला बाबांनी रांगताना पाहिलंय, म्हणून तो मालक असूनही बाबा त्याला 'अरे' म्हणतात आणि तो त्यांना 'काका'.

त्याने दोन पुठ्ठे पुढे केले. "काका, हा जुन्या भिंतीचा. हा तुमच्या डब्यातला."

बाबा पुठ्ठे घेऊन दारात गेले. उजेडात धरले, तिरपे केले, अदलाबदल केली. मग म्हणाले, "एकच आहेत."

मी बघितलं. एकच नव्हते. लांबूनही कळत होतं. आईनेही बघितलं. एरवी कशावरही बोलायला कमी न करणारी आई उठून चहा टाकायला गेली.

"काका, ही तिसरी तक्रार आहे," मालक हळू आवाजात म्हणाला. "तुकडा वाचून रंग सांगणारं यंत्र आलंय, ते घ्यावं म्हणतो. तुम्ही आपलं आरामात काउंटरला बसा."

"काउंटरला?"

"माणसं तुम्हाला ओळखतात."

"अरे, तुझ्या वडिलांनी मला काउंटरवरून उचलून आत बसवलं होतं. मी गिऱ्हाइकांशी भांडायचो म्हणून."

"त्याला तीस वर्षं झाली. आता निवळला असाल."

"विचार हिला."

"नाही निवळले," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मालक हसला, पण चहा पिऊन उठताना त्याने सांगितलंच. ती एक भिंत जुळवून दाखवा, तोवर यंत्राची ऑर्डर थांबवतो. पण जास्त दिवस नाही थांबवता येणार.

त्याच संध्याकाळी मी हात पुसत बाहेर आले. टीव्हीवर समुद्र होता. बाबा पाठमोरे उभे, चष्मा कपाळावर, हातात रिमोट. पडद्याच्या कोपऱ्यात सेटिंगची पट्टी उघडलेली होती आणि ते निळा एकेक घर पुढे सरकवत होते. डब्यात थेंब सोडताना असतो तसाच अंगठा, दाबायचा आणि थांबायचा. मग एक पाऊल मागे येऊन म्हणाले, "हं. आता आला."

टीव्हीची पाठ उघडून मी एक अख्खी दुपार घालवली होती, आणि बिघाड टीव्हीच्या पुढे उभा होता.

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि समजावून सांगितलं. डोळ्यातली काच वयाने पिवळी पडत जाते, पिवळ्या काचेतून निळा कमी पोचतो. "तुमच्या डोक्यातला समुद्र बरोबर आहे, बाबा. जुन्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. आता तसा दिसत नाही, म्हणून तुम्ही निळा वाढवताय. टीव्हीत पण, डब्यात पण. दवाखान्याची भिंतही आठवणीतूनच बनवली ना?"

"मग कशातून बनवायची?"

"मोतीबिंदू आहे हा. छोटं ऑपरेशन असतं. पिवळी काच काढून नवी बसवतात."

"नाही."

"बाबा, फार तर अर्धा तास…"

"माझ्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही. आज काउंटर तरी आहे. उद्या बिघडला, तर काउंटरही नाही." मग उठता उठता, "तू लिफ्ट बघ."

त्यानंतर त्यांनी सेटिंगला हात लावला नाही. बाईचा चेहरा माणसासारखा झाला. पण सात वाजता बाबा खुर्चीतच बसून राहायचे. पडद्याकडे तोंड, पण बघताहेत की नाही कळायचं नाही. आईला 'सरका' म्हणायची वेळच येईना. तिसऱ्या आठवड्यात तीच म्हणाली, "अहो, लांबून दिसतं का तुम्हाला? जा की जरा पुढे." बाबा म्हणाले, "दिसतंय ते दिसतंय."

मी रोज विषय काढायची आणि ते रोज उठून जायचे. माझ्या बोलण्याने काही झालं असतं असं मला वाटत नाही. झालं ते ऑक्टोपसमुळे.

त्या दिवशी समुद्राच्या तळावरचा एक ऑक्टोपस दाखवत होते. वाळूवर होता तेव्हा वाळूसारखा. खडकावर चढला, तर चढता चढता खडक झाला, शेवाळाच्या ठिपक्यांसकट. मग प्रवाळाशी गेला आणि तिथे जांभळट लाल. सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. बाबा कधी उठले ते आम्हाला कळलं नाही. हात मागे न बांधताच ते पडद्याजवळ गेले.

"अगं, डबा नाही, ब्रश नाही," ते पुटपुटले. "वाळायची वाट बघणं नाही. आणि कडा बघ. कडा दिसतच नाहीये."

तेवढ्यात निवेदकाने सांगितलं की शास्त्रज्ञांच्या मते या प्राण्याला स्वतःला बहुधा रंग दिसत नाहीत. तो हे सगळं नक्की कसं जुळवतो, याचा अजून पुरता उलगडा झालेला नाही.

बाबा माझ्याकडे वळले. "काय म्हणाला तो?"

"ऑक्टोपसला रंग दिसत नाहीत म्हणाला."

"दिसतच नाहीत? आणि तरी जुळवतो?"

"हो."

ते परत पडद्याकडे वळले. ऑक्टोपस आता कुठे होता ते मलाही सापडत नव्हतं. कार्यक्रम संपला, जाहिराती लागल्या, तरी बाबा तिथेच उभे.

"त्याचं ठीक आहे," बाबा शेवटी म्हणाले. "त्याच्या कातडीतच आहे ते. मला डोळ्यानेच करावं लागतं." आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता, जणू दूध आणायला सांगावं तसं, "तुझ्या त्या डॉक्टरांची वेळ घे."

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं आधी झालं. अर्धा तासही लागला नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कसं दिसतंय? बाबा म्हणाले, "तुमचा कोट नवीन घेतलात का?" कोट जुनाच होता.

घरी आल्यावर ते संध्याकाळपर्यंत एक डोळा झाक, दुसरा झाक, असं करत खोल्यांतून फिरले. सात वाजता टीव्हीवर बर्फ होता. मैलोन्‌मैल बर्फ आणि त्यावर चालणारं एकच पांढरं अस्वल. बाबा चार फुटांवर जाऊन थांबले. डावा डोळा झाकला, मग उजवा.

"या डोळ्यात चहा सांडलाय," ते म्हणाले. "मी दोन वर्षं चहातून बघत होतो."

"आणि शिव्या कॅमेऱ्यांना," आई म्हणाली.

"पांढऱ्यात किती निळा असतो गं! सावलीत तर बघ. आणि अस्वल पांढरं नाहीच. पिवळसर आहे ते."

"अहो, सरका," आई म्हणाली, आणि डोळे पुसायला तिला कोपऱ्यातलं काहीतरी आवरायचं निघालं.

डॉक्टरांनी महिनाभर धूळ आणि वास टाळायला सांगितलं होतं. मालकाने तेवढं थांबायचं कबूल केलं. महिना झाल्यावर दवाखाना बंद असतो त्या दुपारी आम्ही तिथे गेलो. बाबा, मी, मालक, आणि किल्ली घेऊन आलेली तिथली बाई, जी पेशंटना नंबर देते. बाबांच्या हातात डबा आणि ब्रशची पिशवी होती. या वेळी त्यांनी दुकानात जुन्या भिंतीचा पोपडा समोर ठेवून रंग बनवला होता, डावा डोळा झाकून.

आत गेल्या गेल्या ते त्या निळ्या भिंतीसमोर उभे राहिले. आपल्या हातच्या रंगाची ती भिंत त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"राहू द्या की हो," नंबर देणारी बाई म्हणाली. "लोकांना आवडते ही भिंत. समुद्राकाठी बसल्यासारखं वाटतं म्हणतात."

"समुद्र असा नसतो," बाबा म्हणाले.

बाबा कधीही समुद्रावर गेलेले नाहीत.

त्यांनी खिडक्या उघडायला लावल्या. मग निळ्या भिंतीकडे न जाता ते समोरच्या, सहा वर्षं जुन्या, चांगल्या भिंतीशी गेले. डबा उघडला आणि अगदी मधोमध तळहाताएवढा रंग लावला. ओला असताना तो गडद दिसत होता. मालकाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. आम्ही पेशंटच्या खुर्च्यांत ओळीने बसलो आणि वाट बघत राहिलो. बाईने पंखा लावला. मालकाला एक फोन आला, तो बोलत बोलत बाहेर गेला. बाबा नुसते भिंतीकडे बघत बसले होते. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि बोटांना रंग लागलेला होता.

फोन संपवून मालक आत आला तेव्हा पाऊण तास झाला होता. तो सरळ भिंतीशी गेला. थांबला. डावीकडे सरकला, मग उजवीकडे. मान तिरकी करून उजेडाच्या बाजूने बघितलं. शेवटी बोट लावून भिंत चाचपायला लागला.

"काका, कुठे लावला होता?"

"शोध," बाबा म्हणाले, आणि निळ्या भिंतीसाठी मोठा ब्रश काढायला पिशवीकडे वळले.