बापूरावांचं घंगाळ

वैशाख १९४६, अक्षय्य तृतीयेनंतरचा सोमवार. खालापूरच्या आमच्या अंगणात हजर: आई, दादा तुम्ही, वहिनी, माझी बायको सुशीला आणि गाडी जुंपून उभा राहिलेला तुकाराम. सामानाची यादी माझ्या हातात होती आणि आई यादीत नसलेल्या वस्तू गाडीत टाकत होती.

"तिथं गेल्यावर आदी चूल पेटव गं," ती सुशीलेला म्हणाली. "याद्या करायला ह्यो हाय."

जायचं होतं कर्जतला. ते असं किती लांब! लोक आफ्रिकेला जातात. पण घर सुटायला समुद्र लागत नाही, हे मला वेशीवरच कळलं.

रेल्वेच्या शेडमध्ये मला स्टोअर-कारकुनाची जागा मिळाली होती. जागेबरोबर क्वार्टर आलं. शाळेत फुटबॉल खेळलो होतो, म्हणून साहेबाने शेडच्या टीमचं मॅनेजरपणही गळ्यात घातलं. ही तिन्ही वर्षानुवर्षं बापूरावांकडे होती. ते रिटायर झाले म्हणून मी आलो. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची गाडी कशेळ्याला, त्यांच्या गावी, निघत होती. ओट्यावर तांब्याचं घंगाळ तसंच होतं.

"हे राहिलं," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. पोरांचे पाय शेकायला लागंल."

टीम अनवाणी खेळायची. जिंको वा हरो, मॅचनंतर सगळे या ओट्यावर येत, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवत आणि बापूराव एकेकाचे काटे काढत.

मी कामाला लागलो. सरावाच्या वेळा, कोणी कुठे खेळायचं, सगळं लिहून भिंतीवर लावलं. पहिली मॅच हरलो, दुसरीही. कप्तान गणपत सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, आपला गोल यादीत लिवायचा ऱ्हायला वाटतं!" पोरं हसली. मीही हसलो. संध्याकाळी सुशीलेने बंब पेटवून घंगाळ भरलं. कोणी आलं नाही. पाणी निवलं. पुढेही तसंच होत गेलं, पण तिने बंब पेटवणं सोडलं नाही. "आलेच तर?" एवढंच म्हणे.

दिवाळीच्या सुमारास बापूराव मॅच बघायला आले. मैदानाच्या टोकाला चिंचेखाली उभे राहिले. पोरांचं लक्ष सारखं तिकडे. हरलोच. मी त्यांना घरी बोलावलं, पण ते पायरीशीच थांबले. "गावात समदे मला रेल्वेवाला पाव्हना म्हनत्यात," ते म्हणाले. "आन् आता हितंबी पाव्हनाच की." पुन्हा ते आले नाहीत. मीच येऊ दिलं नाही, असं पोरांनी धरलं.

शिमग्याआधी कशेळ्याहून निरोप आला, बापूराव गेले. टीम चालत गेली, त्यांच्या मागून मी. परतेपर्यंत दिवेलागण झाली. पाय धुतल्याशिवाय घरात जायचं नाही म्हणून मी ओट्याशी थांबलो. मागे वळून पाहतो तर सगळी टीम उभी.

गणपत दाराकडे बघून म्हणाला, "वैनी, पानी हाय का?"

बंब पेटलेलाच होता. मी घंगाळ भरलं, एकेकाच्या पायांवर पाणी घातलं. गणपतच्या टाचेत काटा होता, तो मला काही निघेना.

"बापू येका झटक्यात काडायचा," तो म्हणाला आणि रडायला लागला.

तेव्हापासून ते येतात. माझ्याकडे येतात असं मी समजत नाही. ते बापूरावांच्या ओट्यावर येतात, पाणी मी घालतो. त्या रात्री गणपतचा काटा सुशीलेने काढला; काटे अजून तीच काढते.

दादा, आता घर कुठलं, असं तुम्ही विचारलंत. खालापूरला आलो की वहिनी माझ्यासाठी पाहुण्यासारखा पाट मांडतात, आणि तेव्हा बापूराव आठवतात. इथे पाट कोणी मांडत नाही. इथे लोक येऊन पाणी मागतात.

एक काम राहिलं आहे. घंगाळ बापूरावांच्या बायकोच्या माहेरचं, हे मला कशेळ्यातच कळलं. ते त्या माउलीला पोचवायला हवं. कामांच्या यादीत ते सर्वांत वर आहे. खालचं सगळं खोडून झालं. सुट्टी रविवारचीच. आणि रविवारी मॅच असते.