दिसाले नवरी, नांदाले सवत

पार्बताबाई फुलांना शिव्या द्यायची. ट्रकच्या ट्यूबवर बसून तळ्यात शिरायची आणि जलपर्णीचा एकेक गड्डा उपटताना त्या जांभळ्या तुऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आंजीपलीकडच्या आमच्या गावात मात्र त्या फुलांचं कोण कौतुक! नवी जोडपी फोटो काढायला यायची. मीही शाळेच्या फळ्यावर ‘निसर्गाचा गालिचा’ असं झोकात लिहिलं. ते तिच्या कानावर गेलं नि तिने मला भर रस्त्यात गाठलं. “मास्तर, तुमच्या गालिच्याखाली पानी गुदमरून राह्यलं. दिसाले नवरी, पन नांदाले सवत हाय ते!”

अर्ध्या तळ्यात तिचे शिंगाडे होते. नवऱ्यामागे त्यांच्यावरच तिने घर ओढलं. शिंगाड्याची पानंही पाण्यावरच पसरतात. जलपर्णी घुसली की त्यांना ना ऊन, ना जागा.

शेवटी गावाने श्रमदान काढलं. प्रास्ताविक अर्थात मी केलं. मग गमबूट घालून ऐटीत पाण्यात उतरलो आणि गुडघाभर गाळात रुतलो. पार्बताबाईने कॉलर धरून मला बाहेर काढलं. बूट आतच राहिले. “एवढी मुळं तर जलपर्णीलेबी नाई, मास्तर!” गाव हसलं. मीही हसलो, दुसरं काय करणार?

उपटलेला ढीग दूर न्यायला ट्रॅक्टर सांगितला होता. तो ऐनवेळी पंगतीची भांडी आणायला गेला. “काठावर नका टाकू, बाप्पा! जित्ती हाय ते!” पार्बताबाई ओरडत राहिली. आम्ही जेवायला बसलो. वांग्याची भाजी झकास होती. दोन पावसांत ढीग घसरून पुन्हा तळ्यात गेला.

पुढच्या पावसाळ्यात पंचायतीने थेट फवारणीच ठरवली. माणसं कपाशीतलं तण मारणारी, औषध तेच, पंपही तेच. पार्बताबाईने आपल्या हद्दीवर बांबू रोवून लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, ‘याच्या आत फवारायचं नाई’ असं चारचौघांना बजावलं आणि लेकीच्या बाळंतपणाला पुलगावला गेली. पण शेतात पीक उभं असतं ते मातीत. पाण्यातही कुणाचं पीक असतं, हे त्या माणसांच्या डोक्यातच नव्हतं. हिरवं दिसलं की मारलं. मी काठावरून दोन्ही हात हलवून “थांबा, थांबा” करत होतो. त्यांनीही प्रेमाने हात हलवले.

ती परतली तोवर सगळं करपून कुजायला लागलं होतं. सडक्या पाण्यावर मासे पोट वर करून तरंगत होते. ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून शिंगाड्याचं एकेक पान उलटून पाहत होती.

“तळं कसं साफ झालं, पाहा!” सरपंच म्हणाले.

“साफच केलं तुमी,” ती म्हणाली. एकही शिवी दिली नाही. मला त्याचीच भीती वाटली.

ती पोराकडे बोरगाव मेघेला निघून गेली. आता तिथे हातगाडीवर उकडलेले शिंगाडे विकते. परवा भेटली. गाळातल्या बियांतून जलपर्णी पुन्हा उगवली, हे मी उगाच सांगून बसलो.

“उगवनच. तिले कोन मारते?”

“एकदा येऊन जा गावाकडे.”

“काऊन? मेलेल्याचं तोंड किती खेप पाहू?”

तिने शिंगाडे कागदात बांधून दिले. कुठल्याशा दुसऱ्या तळ्यातले, ठोक बाजारातून आणलेले.

“गोड आहेत का?” मी विचारलं.

“मले काय मालूम? मी खात नाई.”