हिराबाईंनी खुडलेल्या कळ्या

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा माणूस मी. वनस्पतिशास्त्र शिकलेला. त्यामुळे हे लिहायला हात धजत नव्हता... आणि दुसरं कारण म्हणजे यात माझी चोरी आहे.

पुण्यातल्या एका संग्रहालयात वाळवलेल्या वनस्पतींचा विभाग मी सांभाळतो. लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास आणि मी. दिवस दिवस कोणी फिरकत नाही.

बावीस वर्षांपूर्वी मुळशीत, कोळवणच्या वरच्या कड्यावरून सोनकीच्या कुळातलं एक रानफूल मी आणलं. त्या भागातली पहिली नोंद. खरं तर आणलं हिराबाईंनी. साठीच्या, गुरं राखायच्या. कडा मला चढवेना, त्या सरसर गेल्या.

“आरं, कळ्याच हायेत अजून. चार दिस थांब की!”

“परत यायला रजा नाही, मावशी.”

“लई घाई बाबा तुमा पुण्याच्या लोकास्नी. माजं नाव तरी लिवशील न्हवं कागदावर?”

“लिहीन की.”

“मग मला दावायला न्हे.”

फूल वाळवून जाड कागदाच्या शीटवर टाचलं, पण तिच्या लेबलावर ‘संग्राहक’ म्हणून मी माझंच नाव लिहिलं. त्याच नोंदीवर पुढे नोकरी कायम झाली. त्यांना नेलं नाही... कोणाकडून वाचून घेतलं असतं तर? दोन वर्षांनी त्या गेल्याचं कळलं.

गेल्या जूनमध्ये सगळ्या शीट्स स्कॅन करायचं काम निघालं. भर दुपारी ती शीट उघडली — तिन्ही कळ्या उमललेल्या. पिवळ्याधमक. तेव्हाच्या फोटोत कळ्याच आहेत. दाबलेली अशी फुलं काही दिवस पिकत राहतात, मान्य. पण बावीस वर्षांनी? शीट बदलली म्हणावं, तर टाके माझ्या हातचे, किल्ली माझ्याकडे.

आमच्यात जुनं लेबल कधी काढत नाहीत. शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवतात. ‘संग्राहक : हिराबाई’ लिहिलं आणि थांबलो. आडनावच माहीत नव्हतं मला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं कोळवण गाठलं. हिराबाईंच्या सुनेला सगळं सांगितलं.

“दळवी लिवा,” ती म्हणाली. “आत्याबाई नवं लुगडं नेसून फाट्यावर बसायच्या. सायेब न्यायला येनार म्हनायच्या. लोक हसायचे.”

“तुम्ही येता का बघायला?”

“मी कशाला? माज्यासाटी थोडंच हाय ते?”

चिठ्ठी लावली. वरिष्ठांना लेखी कबुली दिली. फुलं कशानं उमलली, मला आजही सांगता येत नाही. वरिष्ठांनी कागदावर सही केली, तो फाइलला लावला. कोणी काही विचारलं नाही.