गिरिजाच्या मागे मी नव्हतो

गिरिजा गेली हे डॉक्टरांनी सांगितलं, आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. माझी बायको, आमच्या वॉर्डातली पहिली बाई नगरसेवक, टिकलीएवढी. बाकी सगळा पुढारी, हात जोडून हसणारा. अरे, माणूस मेलंय, हसतोस कशाला?

पुढे शोकसभा झाली, तिथे तर माझं डोकंच फिरलं. एकेक जण उठून सांगत होता, "अक्कांच्या मागे अण्णा उभे होते, सगळं अण्णांनीच चालवलं." अण्णा म्हणजे मी. चौथी शिकलेला, जन्म बंगळूरला, पीण्याच्या कारखान्यात लेथवर गेला. मी काय चालवणार, कपाळ? जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा हीच माणसं घरी आली होती, तीही माझ्याकडे. "सही अक्का करतील, कारभार तुम्ही बघा." गिरिजा नाचणीचे रागीमुद्दे वळत होती, तशाच हातांनी बाहेर आली. "सही माझी, तर डोकंपण माझंच. सरी, ठीक आहे?"... झालं, कागद तिच्यापुढे सरकवले.

शिवाजीनगरच्या बाजारातल्या फुलवाल्या दिवसभर पाणी पीत नसत, जायला जागा नव्हती म्हणून. त्यासाठी ती ऑफिसात खेटे घालायची. एकदा तिचा गुडघा दुखत होता म्हणून मी सोबत गेलो, तर इंजिनियरनं खुर्ची मला दिली आणि नकाशाही माझ्यापुढेच पसरला. गिरिजा उभी. म्हणाली, "ते माझे यजमान. त्यांना चहा द्या. संडास कुठे बांधणार, ते मला सांगा." संडास झाला. शोकसभेत त्याचं नाव घ्यायची लाज वाटली या लोकांना. 'समाजकार्य' म्हणाले!

परवा तीच टोळी परत आली. निवडणूक लागेल म्हणतात. "अण्णा, रेणूला उभी करा. लोकांना हळहळ आहे. पुढचं तुम्ही सांभाळालच." मी ओरडलो, "माझी पोरगी उभी राहणार नाही. चालते व्हा!" दार आपटून वळलो तर रेणू मागे. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीतनं नुकतीच आलेली, बॅग अजून खांद्यावर.

"अप्पा, मला विचारलंत?"

"अगं, ते हरामखोर..."

"त्यांनी नाही विचारलं. तुम्हीपण नाही."

इतके दिवस राग त्या लोकांवर होता... आता तो घेऊन कुठे जाऊ?

पुढच्या खोलीत गिरिजा सकाळी लोकांना भेटायची. ती गेल्यापासून मी खोली लावूनच घेतली होती. आज रेणूनं उघडली. पहिली एक म्हातारी आली, गटाराची तक्रार घेऊन. खुर्चीत रेणू बसलेली, पण बाई दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून बोलू लागली, "अण्णा, स्वल्प, जरासं ऐका..." मी म्हटलं, "तिला सांग." तिनं मान डोलावली आणि पुन्हा मलाच सांगू लागली.

मग मी चपला घातल्या आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.