कोळंबीचा काटा

रविवारी सकाळी मी आणि माझी बायको सुनंदा कोळंबी सोलायला बसलो होतो. डोकं मोडायचं, साल काढायची, पाठीला चीर देऊन काळा दोरा ओढायचा. डोक्यावरचा काटा मला दोनदा टोचला आणि दोन्ही वेळा मी हात झटकला.

"अहो, एवढंसं लागलं तर केवढे नाचता," ती हसली.

तेव्हाच तिच्या पातेल्यातलं पाणी मला लालसर दिसलं. कोळंबीचं रक्त असं लाल नसतं.

"सुनंदा, तुझं बोट बघ."

तिने हात वर केला. अंगठ्यातून रक्त येत होतं, आणि दुसऱ्या कुणाचा हात बघावा तशी ती बघत होती.

"कधी लागलं कोण जाणे. बर्फातली कोळंबी, बोटं बधिर झाली असतील."

माझ्या हातातलीही बर्फातलीच होती. सुनंदाला मधुमेह आहे. तिच्या साखरेचे आकडे मी नेमाने तपासतो आणि ते बरे आले की निर्धास्त होतो. घरात कुणी कण्हत नसलं की सगळं ठीक आहे, असं आपण धरून चालतो. दुखणं थांबलं की सुटलो म्हणतो. पण ते तिच्यापर्यंत पोचायचंच कधी थांबलं, हे कुठल्याच आकड्यात नव्हतं.

मी तिचा हात धुतला, पुसला आणि गारठा जाईपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवला. मग तिला डोळे मिटायला सांगितलं आणि तिच्या तर्जनीच्या टोकावर नख टेकवलं.

"दाबा की आता," ती म्हणाली.

मी दाबतच होतो.