मांडवकरांनी बदललेला नळ

भाईंदर पूर्वेला, खारी गावाला चिकटून असलेल्या बिल्डिंगमध्ये लवू मांडवकर राहायला आले आणि तिथल्या कुठल्याही वस्तूला सुखाने बिघडायची सोय उरली नाही. कुणाची कडी अडकली, कुणाचा पंखा कुरकुरला, की मांडवकर पाना-पकड घेऊन दारात हजर. मूळ गाव रत्नागिरीकडचं, उभी हयात औषधाच्या कंपनीत खोकी पॅक करण्यात गेली. पण रिटायर होताना शाल-नारळाबरोबर आपल्याला इंजिनियरिंगची पदवीही मिळाली, अशी त्यांची समजूत झाली होती.

ही समजूत मनोभावे जपणारा माणूस जगात एकच होता. मेन रोडवरचा हार्डवेअरवाला साहिल. त्याच्या दुकानाला काचेचा दरवाजा, आत एसी, आणि भिंतभर नळ असे मांडलेले की सोनाराने येऊन शिकून जावं. मांडवकर दिसले की तो हात जोडायचा. "आओ आओ, इंजिनियर साहब!" एवढ्या दोन शब्दांवर मांडवकरांनी आजवर काय काय घेतलं होतं! ड्रिलच्या पात्यांचा अख्खा सेट होता त्यांच्याकडे. ड्रिल नव्हतं.

तर एकदा स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला.

"अहो, जरा बघता का?" सुगंधाबाई म्हणाल्या. हे त्यांनी नवऱ्याला का सांगितलं, याचा पश्चात्ताप त्यांना आजही होतो.

मांडवकरांनी नळाकडे दुरूनच पाहिलं. "गेला हा. बदलायला लागणार."

साहिलने नळ कसा गळतोय, कुठून गळतोय, असलं काही विचारलं नाही. इंजिनियरला काय विचारायचं? "आपको क्या समझाना, साहब! फुल ब्रास है." मांडवकरांनी नळ तळहातावर तोलला. तसा हलकाच लागला, पण त्यात स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसत होता. एवढी परीक्षा पुरे होती.

घरी येऊन, दुपारी विंगचं पाणी बंद असतं तेवढ्यात, त्यांनी जुना नळ काढून नवा बसवला. छान बसला होता. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मांडवकरांचा हात पाना धरला की थांबत नसे. पाणी सुटल्यावरही "अजून थोडासा," म्हणत त्यांनी जोर लावला, कट्ट आवाज झाला, आणि नळ हातात आला. त्याचा आट्यांचा तुकडा भिंतीतच राहिला, आणि पाण्याची धार थेट फ्रिजवर.

"आजोबा, फाउंटन!" नात सान्वी आनंदाने ओरडली. घरात आनंदी अशी ती एकटीच होती.

मेन वॉल्व्ह कुठे असतो, हे इंजिनियर साहेबांना ठाऊक नव्हतं. गच्चीवर जाऊन तो सापडेपर्यंत सगळ्या विंगची टाकी त्यांच्या ओट्यावरून वाहून गेली. खालच्या मजल्यावरच्या शुभदा ओली उशी काखेत मारून वर आल्या. "काका, आमचा पंखा बघायला येणार होतात ना तुम्ही? राहू दे हां."

मांडवकर तुटका नळ घेऊन तडक साहिलकडे निघाले. सुगंधाबाई न सांगता मागोमाग गेल्या.

साहिलने नळ पाहिला आणि हळहळला. "साहब, आपके हाथ में पावर ही इतना है! आपके लिए तो इम्पोर्टेड मॉडेल चाहिए."

आणि मांडवकरांचा हात खरंच खिशाकडे गेला! एवढ्या फजितीतही गडी सुखावला होता.

"पाकीट आत ठेवा," सुगंधाबाई म्हणाल्या. "चला."

त्या त्यांना खारीच्या आतल्या गल्लीत गुणवंतभाईंकडे घेऊन गेल्या. ह्या दुकानात एसी नव्हता, आणि गिऱ्हाईक आल्याचा आनंद तर मुळीच नव्हता. गुणवंतभाईंनी तुटलेली कड उजेडात धरली. "हा ब्रास? ब्रास तुटला तर आत पिवळा दिसतो. हा बघा, राखेसारखा करडा. जुना नळ किधर हाय?"

"भंगारात..." मांडवकर पुटपुटले.

"दिला?"

"द्यायचाय. पिशवीत आहे."

"मग इथे काय माझं थोबाड बघता? घेऊन या!"

मांडवकर निमूट गेले आणि घेऊन आले. गुणवंतभाईंनी जुना नळ उघडून आतला झिजलेला वायसर काढला आणि नवा बसवला. "झाला. असला वजनदार नळ आता मिळत नाय. टेप गुंडाळून हाताने फिरवा, पान्याने नुसता शेवटचा झटका. आणि भिंतीतला तुकडा प्लंबर काढेल. तुम्ही हात लावू नका."

हे शेवटचं वाक्य मांडवकरांना फार लागलं. पण संध्याकाळी गणेश प्लंबरने तुकडा काढून नळ बसवला, विंगमधल्या समस्त जनतेला पाणी मिळालं, आणि त्या वेळी मांडवकर हाताची घडी घालून चक्क बाजूला उभे होते. सुगंधाबाईंनी हे दृश्य डोळे भरून पाहून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात सून मानसी पडद्याचा रॉड लावायचा म्हणाली. मांडवकरांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "थांब. आधी भिंत विटेची की काँक्रीटची, ते बघू. मग कुठला स्क्रू ते गुणवंतभाईंना विचारू."

मानसी थक्क झाली. मग मांडवकरांनी भिंतींच्या प्रकारांवर तिला ऑफिसला उशीर होईपर्यंत व्याख्यान दिलं.